रस्त्याची परवानगी अंगणात चालत नाही

(परभणीहून आलेलं एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपशीर करून.)

«वसमत रोडला आमचा तीस बाय पन्नासचा बिगरशेती प्लॉट आहे, माझ्या नावावर. त्यावर घर बांधून वीस वर्षं होत आली. एप्रिलअखेर सेलूला भाचीच्या लग्नाला गेलो होतो. लग्न उरकून परत आलो तर फाटकाच्या आत, घराच्या जोत्यापासून जेमतेम हातभर अंतरावर चर मारलेला. शहाबादी फरशी उचकटून ढीग केलेला, बोअरची पाइप तुटलेली, सीताफळाचं झाड मुळासकट काढून बाहेर फेकलेलं. चरात नारिंगी नळी टाकून वरून माती लोटून दिली. विचारलं तर गुत्तेदाराचा माणूस म्हणाला, ‘सरकारी काम हाय बाई, फायबरचं. महापालिकेची परवानगी हाय. बाहेर नाली आडवी आली म्हणून आतून घेतलं.’ बाजूलाच राहणारे माझे दीर म्हणाले, ‘मीच म्हणलं घ्या म्हणून, त्यात काय एवढं.’ बोअर बंद, आम्ही टँकर घ्यायलोत. परवा गुत्तेदार स्वतः आला. दोन हजार घ्या आणि इथं सही करा म्हणाला. कागदावर ‘आमची काही तक्रार नाही’ असं छापलेलं. मी सही केली नाही. आमचे हे म्हणतात सोडून दे. मुलगा म्हणतो पोलिसात जाऊ. शेजारचे म्हणतात वायर कापून टाका, येतील पळत. काय करावं?»

ताई,

सही केली नाहीत, निम्मं काम तिथेच झालं. त्या छापील कागदावर सही झाली असती तर पुढचं सगळं अवघड होतं. ‘तक्रार नाही’ एवढंच त्याचं वजन नसतं. उद्या तोच कागद ‘मालकाची संमती होती’ म्हणून दाखवला जातो. पुढे घर विकायला काढलंत किंवा मागे एखादी खोली वाढवायची म्हटलंत की ती नळी आडवी येते, आणि तेव्हा तुमचीच सही तुमच्यासमोर ठेवली जाते. दोन हजार रुपयांत तर तुमची फरशीही बसणार नाही. मिस्त्रीची हजेरी काय झालीय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

शेजाऱ्यांचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. वायर कापायची नाही, नळी उपसून बाहेर फेकायची नाही, त्यावर मुद्दाम खड्डाही घ्यायचा नाही. जमीन तुमची असली तरी आतली वाहिनी तुमची होत नाही. दूरसंचार कायदा, २०२३ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. वाहिनी ही जमिनीपेक्षा वेगळी मालमत्ता आहे, आणि तिचं नुकसान करणाऱ्याला भरपाई आणि भारी दंड दोन्ही आहेत. आज तुम्ही फिर्यादी आहात. वायर कापली की दुपारपर्यंत आरोपी व्हाल आणि गुत्तेदार पोलीस ठाण्यात खुर्ची टाकून बसेल. मराठवाड्यात अशी कितीतरी खरी प्रकरणं माणसांनी रागाच्या एका फटक्यात घालवली आहेत.

आता ‘सरकारी काम’ या शब्दांबद्दल. जिथे विचारायला कुणी येणार नाही असं वाटतं तिथे हे दोन शब्द फार स्वस्तात वापरले जातात. इंटरनेटची तार टाकणारी कंपनी खाजगी असो की सरकारी, तिला जागा कुठली वापरायची यावरून कायद्यात दोन वेगळे रस्ते आहेत. रस्ता, फुटपाथ, महापालिकेची मोकळी जागा अशा सार्वजनिक जागेसाठी तिने त्या जागेच्या प्रशासनाकडे अर्ज करायचा, म्हणजे तुमच्याकडे महापालिकेकडे. खाजगी जागेसाठी अर्ज जागेच्या मालकाकडे. २०२३ च्या कायद्याचं कलम १२ हेच सांगतं. कंपनीने मालकाला किंवा जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला विचारायचं, दोघांनी मोबदला ठरवायचा, करार करायचा. मालक नाही म्हणाला तरी केंद्र सरकारला ते सार्वजनिक हितासाठी गरजेचं वाटलं तर ते स्वतः किंवा नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फत हा वापराचा हक्क घेऊ शकतं, पण ठरवून दिलेल्या पद्धतीने. ‘नाली आडवी आली म्हणून आत घेतलं’ ही ती पद्धत नाही. मार्गाच्या हक्काची, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून वाहिनी नेण्याच्या हक्काची, ही कलमं जून २०२४ पासून लागू आहेत आणि त्यांचे नियम १ जानेवारी २०२५ पासून. त्याआधी १८८५ चा तार कायदा होता. त्यातही कमीत कमी नुकसान करायचं आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची असं बंधन होतं. म्हणजे इंग्रजांनीसुद्धा फुकट खोदायची मुभा दिलेली नव्हती.

तेव्हा महापालिकेने दिलेली परवानगी खरी असली तरी ती रस्त्याची आहे. तुमच्या अंगणाची परवानगी महापालिका देऊ शकत नाही, कारण अंगण महापालिकेचं नाही.

यात एक ‘जर’ आहे आणि त्यावर सगळा डाव अवलंबून आहे. तो चर खरंच तुमच्या हद्दीत आहे का? तुमच्यावर अविश्वास नाही, पण मी पाहिलेल्या अशा वादांपैकी बऱ्याच वादांत भिंत एकीकडे असते आणि हद्द दुसरीकडे. वीस वर्षांपूर्वी लेआउटमधला रस्ता कच्चा असतो, कुणी बघत नाही, म्हणून भिंत हात-दोन हात पुढे सरकवली जाते. ओटा, पायऱ्या, जिना, कधी बोअरसुद्धा रस्त्याच्या जागेत. मग रस्त्याची परवानगी घेऊन आलेला गुत्तेदार तुमच्या फाटकाच्या आत असूनही कागदावर रस्त्यातच असतो. असं निघालं तर भाषा बदलावी लागेल. नोटीस का दिली नाही, पाइप का तोडली, हे विचारता येईल, पण ‘माझ्या जागेत शिरलात’ म्हणता येणार नाही, आणि आपलंच अतिक्रमण आपणच लेखी कळवल्यासारखं होईल. म्हणून कुठलाही अर्ज करण्याआधी घरातली पिशवी उघडा. खरेदीखतातल्या चतुःसीमा आणि लांबी-रुंदी बघा. मंजूर रेखांकनाची प्रत काढा, ती नसेल तर महापालिकेच्या नगररचना विभागातून मिळते. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत टेप लावा. पन्नास फुटांच्या जागी बावन्न-त्रेपन्न भरले तर मला परत लिहा, मग वेगळं बोलू. पन्नासच भरले तर निश्चिंत पुढे जा. वाद वाढलाच तर भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करा. मोजणीनंतर मिळणारा ‘क’ प्रतीचा नकाशा कोर्टात बोलतो, आपल्या टेपचं तिथे कुणी ऐकत नाही.

खेड्यात गावठाणातल्या घरांचं आणखी अवघड असतं. सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, आणि त्यावर लांबी-रुंदी लिहिली असली तरी नकाशा नसतो. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका द्यायला सुरुवात झाली. ज्यांना ती मिळाली आहे त्यांनी जपून ठेवावी आणि त्यातला नकाशा एकदा तरी जागेवर उभं राहून ताडून बघावा. निजामाच्या काळातले आजोबांचे उर्दू कागद ट्रंकेत असतील तर तेही टाकू नका, पण अशा वादात पहिल्यांदा मिळकत पत्रिकाच विचारतील.

आता तुमचे दीर. ही गोष्ट नाजूक आहे आणि कायद्याच्या बाजूने फारच सोपी. प्लॉट तुमच्या नावावर, ताबा तुमचा. दिरांच्या ‘घ्या म्हणलं’ला तुमच्या जागेपुरती काही किंमत नाही. तुम्ही त्यांना लेखी मुखत्यार केलेलं नाही, आणि कंपनीनेही कागद न बघता त्यांना मालक समजण्याचं काही कारण नव्हतं. पण म्हणून अर्जात दिरांचं नाव घालून त्यांना उघडं पाडू नका. गुत्तेदाराला तेच हवंय. प्रकरण घरातलं भांडण झालं की तो मोकळा. उलट त्यांनाच सोबत घेऊन पंचनामा करा आणि साक्षीदार म्हणून सही घ्या. ‘भाऊजी, फरशी किती फुटली, पाइप कुठं तुटली, एवढंच लिहायचंय’ म्हटलं की बहुतेक दीर सही करतात. आपल्या बोलण्याने वहिनीचं पाणी बंद झालं ही टोचणी त्यांनाही असेलच.

पंचनाम्यासाठी कुणा अधिकाऱ्याची वाट बघू नका. साध्या कागदावर तारीख-वेळ घाला. चर कुठून कुठपर्यंत, रुंदी-खोली किती, जोत्यापासून किती अंतर, फरशी किती फूट, पाइप कुठे तुटली, झाड कोणतं, सगळं मोजून लिहा आणि शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या. मोबाइलने फोटो आणि व्हिडिओ घ्या. घराची भिंत आणि चर एकाच फोटोत येतील असे घ्या, म्हणजे अंतर दिसेल. टँकरवाल्याकडून पावती घ्या. तो पावती देत नसेल तर साध्या चिठ्ठीवर तारीख, लिटर आणि रक्कम लिहून त्याची सही घ्या. मिस्त्री आणि नळवाल्याकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्या. बोअरची पाइप आत्ताच दुरुस्त करायला हरकत नाही, उन्हाळ्यात पाण्याविना कुणी राहत नाही. फक्त आधी फोटो, मग दुरुस्ती, आणि तुटलेला तुकडा जपून ठेवा.

जोत्यापासून हातभर अंतर ही तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. फरशी, झाड, पाइप यांचे पैसे होतील. पण तुमच्याकडची जमीन काळी आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसून भेगाळते. अशा मातीत जोत्यालगत तीन-चार फुटांचा चर मारून तीच सैल माती परत लोटली तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी त्या चरात उतरतं आणि पायाशी मुरतं. बाकीच्या घराखाली जमीन कोरडी, एका बाजूला ओली. मग ती बाजू हलते, कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, दार घासायला लागतं. आणि हे आज दिसणार नाही. मृग, आर्द्रा गेल्यावर, कदाचित पुढच्या उन्हाळ्यात दिसेल. तोवर गुत्तेदार लातूरला दुसऱ्या कामावर असेल. म्हणून आज हिशेब मागताना आज दिसणाऱ्या नुकसानीवर थांबू नका. आतून-बाहेरून घराच्या भिंतींचे फोटो आत्ताच काढून ठेवा, म्हणजे आधी चिरा नव्हत्या हे दाखवता येईल. शक्य असेल तर एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून एक पानी पाहणी अहवाल घ्या. नळी राहो की निघो, चर मुरूम टाकून, थराथराने पाणी मारून आणि धुम्मसने ठोकून भरून द्यायचा, वरून उतार घराच्या बाहेर काढायचा, हे मागा. आणि निदान एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत जमीन खचली किंवा चीर गेली तर जबाबदारी कंपनीची, हे लिहून घ्या.

मग मागायचं काय, नळी काढून न्या की ठेवा आणि मोबदला द्या? माझं मत विचाराल तर तुमच्या बाबतीत काढून रस्त्यावर न्यायला लावा. भिंतीच्या बाहेरच्या बाजूने, प्लॉटच्या टोकाला असती तर करार करून ठेवायला हरकत नव्हती. कॉलनीत इंटरनेट येतंय ही चांगलीच गोष्ट आहे. पण जोत्यालगतची नळी म्हणजे उद्या दुरुस्तीला परत खोदकाम, परत हीच फरशी. ठेवायचीच ठरली तर तोंडी काही नको. करारात नळी नेमकी कुठून जाते त्याचा नकाशा हवा. मोबदला किती आणि केव्हा, दुरुस्तीला यायचं तर किती दिवस आधी कळवायचं, तुम्हाला बांधकाम करायचं झालं तर नळी कोण आणि कुणाच्या खर्चाने हलवणार, हेही लिहिलेलं हवं. सही कंपनीच्या अधिकृत माणसाची, गुत्तेदाराची नाही. कंपनीला त्यातून फक्त वापराचा हक्क मिळतो, जमिनीवर मालकी नाही, हे वाक्य करारात असू द्या.

जायचं कुठे, हे आता क्रमाने. गुत्तेदाराशी बोलणं थांबवा. त्याच्याकडून कंपनीचं नाव आणि कामाच्या आदेशाची प्रत मागा, आणि पत्र कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचपावतीच्या टपालाने पाठवा. त्याच दिवशी एक प्रत महापालिका आयुक्तांना आणि एक बांधकाम विभागाला द्या. महापालिका यात कशाला, असं वाटेल. पण रस्ता खोदायची परवानगी देताना रस्ता पूर्ववत करण्यासाठी पैसे किंवा बँक हमी घेतलेली असते आणि परवानगीला अटी असतात. ‘परवानगी रस्त्याची, काम खाजगी जागेत, सबब अटींचा भंग, हमी परत करू नये’ असं पत्र आवक-जावकला लागलं की कंपनीचा माणूस तुमच्या दारात गुत्तेदारापेक्षा लवकर येतो. मोबदल्याचं काम कोर्टाआधी इथेच होण्याची शक्यता जास्त. सोबत माहिती अधिकारात अर्ज टाका: तुमच्या भागातल्या खोदकामाची परवानगी, तिचा नकाशा, अटी, हमीची रक्कम यांच्या प्रती द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या नकाशात तार रस्त्याच्या कडेने दाखवलेली असेल तर तुमचं प्रकरण तिथेच सिद्ध झालं.

पोलिसांबद्दल मुलाचं अगदी चूक नाही, पण फार आशा ठेवू नका. भारतीय न्याय संहितेत गुन्हेगारी प्रवेशाचं कलम ३२९ आहे आणि नुकसानीचं कलम ३२४. पण गुन्हेगारी प्रवेश ठरायला गुन्हा करायचा किंवा त्रास द्यायचा, धमकवायचा हेतू लागतो. ठाणे अंमलदार बहुधा म्हणेल, ‘ताई, हे दिवाणी आहे.’ तरीही लेखी अर्ज देऊन पोच घेऊन ठेवा. गुत्तेदाराने दमदाटी केली तर लगेच जा, मग गोष्ट वेगळी आहे.

कोर्टाचा दरवाजा शेवटचा. एक अडचण आधीच सांगतो. विशिष्ट दिलासा कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून पायाभूत प्रकल्पांना, म्हणजे वीज, पाणी, दूरसंचार यांनाही, कामात खोळंबा होईल असा मनाई हुकूम कोर्ट सहसा देत नाही. तेव्हा ‘स्टे आणतो’ म्हणणाऱ्या वकिलाला एवढं नक्की विचारा की कलम ४१ च्या या अडचणीचं काय करणार. नुकसानभरपाईचा दावा मात्र करता येतो, आणि जमिनीत बेकायदा शिरल्याच्या भरपाईला तीन वर्षांची मुदत आहे. महापालिकेला प्रतिवादी करायचं असेल तर मुदत फार कमी, सहा महिन्यांची, आणि आधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. म्हणून पत्र पाठवून वर्षभर उत्तराची वाट बघत बसू नका.

वकिलाचा खर्च ही चिंता असेल तर ती नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. प्लॉट तुमच्या नावावर असल्याचा हा आणखी एक फायदा. परभणीच्या जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. वीज, पाणी, टेलिफोन अशा सेवांच्या वादासाठी एक कोटीपर्यंत स्थायी लोक अदालत असते, तिथे कोर्ट फी लागत नाही. तुमचा अर्ज तिथे बसतो का आणि तुमच्या जिल्ह्यासाठी ती कुठे भरते, हे त्याच कार्यालयात विचारा. ग्राहक आयोगात मात्र जाऊ नका. तुम्ही त्या कंपनीच्या ग्राहक नाही, पहिल्याच तारखेला हाच मुद्दा निघेल.

फायबरऐवजी दुसरंच काही अंगणात शिरलेलं असलं तर काय, असं विचारणारी पत्रंही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. विजेच्या बाबतीत नियम मालकाच्या बाजूने बरेच स्पष्ट आहेत. वीज कायदा, २००३ च्या कलम ६७ खाली २००६ चे नियम आहेत. त्यानुसार जिथे आधी वाहिनी नाही तिथे नवी टाकायला मालकाची किंवा राहणाऱ्याची आधी संमती हवी. त्याने हरकत घेतली तर जिल्हाधिकारी किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी, आणि परवानगी देतानाच भरपाई किंवा वार्षिक भाडं ठरवायचं असतं. हरकत घ्यायची ती लेखी घ्या. खांब उभा राहिल्यावर घेतलेल्या हरकतीत फार दम राहत नाही. उच्चदाबाच्या मोठ्या वाहिन्यांना कलम १६४ खाली तार कायद्याचे अधिकार दिलेले असतात. तिथे संमतीचा प्रश्न जवळपास संपतो, मोबदल्याचा राहतो. बीड-धाराशिवकडे पवनचक्क्यांच्या तारांवरून जे वाद होतात त्यात आधी हाच कागद मागायला हवा: तुम्हाला कलम १६४ चा आदेश आहे का? आणि घरात आधीपासून असलेल्या सर्व्हिस वायरीची दुरुस्ती किंवा मीटरची तपासणी ही वेगळी गोष्ट. त्यासाठी महावितरणचा माणूस वाजवी वेळी, कळवून, आत येऊ शकतो. त्याला फाटकात अडवून उगीच वाद घालू नका.

गॅसचं तर बहुतेकांना माहीतच नसतं. लांब पल्ल्याच्या गॅस वाहिनीसाठी १९६२ चा कायदा आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे अधिसूचनेआधीपासून राहत्या वापरात असलेल्या जमिनीखालून, पक्क्या बांधकामाखालून किंवा घराला लागून असलेल्या त्याच्या आवाराच्या जमिनीतून वाहिनी टाकता येत नाही, आणि इतरत्रही एक मीटरपेक्षा कमी खोलीवर नाही. शेतातून जाणार असेल तर अधिसूचनेपासून २१ दिवसांत हरकत घ्यायची. मोबदला म्हणून पिकाच्या, झाडांच्या नुकसानीशिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. त्या पट्ट्यावर पुढे विहीर किंवा घर बांधता येत नाही आणि झाड लावता येत नाही, हे बघता दहा टक्के मला कायम कमीच वाटत आले आहेत. समृद्धी महामार्गालगतच्या वाहिनीमुळे जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या शेतकऱ्यांना हा कायदा आता ओळखीचा झाला आहे.

पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन खाजगी जागेतून न्यायचे काही अधिकार पालिकांना त्यांच्या कायद्यात आहेत, पण लेखी नोटीस देऊन. या सगळ्याच्या मुळाशी घटनेचं कलम ३००-अ आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या एका ओळीतून सात हक्क उलगडून दाखवले, त्यात नोटीस मिळण्याचा आणि म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क सगळ्यात आधी येतो. अर्जात या निकालाचा उल्लेख जरूर करा. साहेब वाचतात तेव्हा मान वर करतात.

अर्ज असा लिहा, मराठीतच, एका पानात:

«विषय: माझ्या मालकीच्या जागेत विनासंमती केलेलं खोदकाम. महोदय, वसमत रोडवरील प्लॉट क्रमांक अमुक, क्षेत्र १५०० चौरस फूट, माझ्या मालकीचा व ताब्यातील आहे. खरेदीखताची व मंजूर रेखांकनाची प्रत जोडली आहे. आम्ही परगावी असताना अमुक तारखेच्या सुमारास आपल्या वतीने काम करणाऱ्या गुत्तेदाराने माझी कोणतीही लेखी अथवा तोंडी संमती न घेता फाटकाच्या आत, घराच्या जोत्यापासून अमुक फूट अंतरावर, अमुक फूट लांब व अमुक फूट खोल चर खोदून वाहिनी टाकली. दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम १२ प्रमाणे माझ्याशी करार झालेला नाही. नुकसानीचा पंचनामा, फोटो व खर्चाचा अंदाज जोडला आहे. वाहिनी १५ दिवसांत माझ्या हद्दीबाहेर हलवावी. चर मुरुमाने, थराथराने ठोकून भरून द्यावा. फरशी व बोअरची पाइप पूर्ववत करावी किंवा त्याचा खर्च द्यावा. झाडाची आणि टँकरच्या खर्चाची भरपाई द्यावी. येत्या पावसाळ्यात जमीन खचून अथवा पायास धक्का बसून होणाऱ्या नुकसानीबाबत माझा हक्क राखून ठेवत आहे. मी कोणत्याही ना-हरकत पत्रावर सही केलेली नाही.»

शेवटचं वाक्य गाळू नका. गुत्तेदाराकडे सहीचा कोरा रकाना असलेला कागद अजून आहे. आणि मृगाचा पाऊस यायच्या आत, कंपनीचं उत्तर येवो न येवो, त्या चरावर ताडपत्री टाकून चारी बाजूंनी मातीचा बांध घाला. त्या ताडपत्रीची पावतीही फायलीत लावा.